सकाळी बिघडणारी सायकल

वडिलांची सायकल मांगरातून बाहेर काढली तेव्हा तिच्यावर सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालींची, तीन पोती होती आणि पुढच्या चाकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मांगर म्हणजे आमच्या घरामागची खोली. नारळ, खोबरं, सरपण आणि ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही असं सगळं तिथे जातं. सायकल तिथे चाळीस वर्षांहून जास्त होती. रंग काळा असावा असा अंदाज होता. हात लावला की तळवा विटकरी व्हायचा.

खाणी बंद पडून तेव्हा आठ महिने झाले होते. मी खाणीवर काट्यावर होतो. भरलेल्या ट्रकाचं वजन, रिकाम्या ट्रकाचं वजन आणि वजाबाकी, हे काम मी बावीस वर्षं केलं. आधी पगार अर्धा झाला, मग थांबला. स्कूटर विकली. डिचोलीत काजूच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचं काम मिळालं, वेळ सकाळी आठची. नार्व्याहून डिचोली आठ किलोमीटर. पहिली बस खच्चून भरलेली यायची आणि पुष्कळदा थांबायचीच नाही. दुसरी थांबायची, पण ती पोचवायची साडेआठला. म्हणून सायकल. बायकोने आणि मी बसून ठरवलं की तिच्यावर तीन हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही. घालावा लागला तर ती परत सोडणांखाली जाईल.

हे झालं कारण. पण सायकल काढण्यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी बायकोलाही नीट सांगितली नव्हती. ह्या सायकलीने माझ्या वडिलांना खोटं पाडलं होतं. ते कसं, हे मला बघायचं होतं.

वडील मूळचे धारगळचे. गोवामुक्तीनंतर दोनेक वर्षांनी डिचोली भागातल्या एका खाणीवर नोकरी लागली म्हणून ते नार्व्यात आले. त्याच सुमारास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांनी ही सायकल जुनी म्हणून विकत घेतली. इंग्रजी बनावटीची, तीन गिअरची. पोर्तुगीज असताना असला माल इकडे यायचा. बांद्या-सावंतवाडीचे लोक ही सायकल हात लावून बघायचे, असं वडील सांगत. गिअर बाहेर दिसत नाहीत. मागच्या चाकाच्या मधल्या जाड तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, सगळं बंद असतं. उजव्या मुठीजवळ एक छोटी लिव्हर. तिच्यापासून निघालेली तार मागे जाऊन करंगळीच्या नखाएवढ्या कड्यांच्या साखळीला जोडलेली, आणि ती साखळी हबच्या आत शिरलेली. साखळी ओढली की गिअर बदलतो.

वडील खाणीवर हजेरी कारकून होते. सातला भोंगा व्हायचा. दुसऱ्यांना उशीर झाला हे लिहिणारा माणूस साडेसहाला जाग्यावर हवा. सात-आठ वर्षं ते होते. मग एका जानेवारीत ते तीनदा उशिरा पोचले, तिन्ही वेळा सायकल हातात धरून, चालत. मयेच्या तळ्यापाशी पायडल फुकट फिरायला लागतं, चाकाला काही लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांदा मॅनेजरने खाणीवरच्या फिटरला बोलावलं. दुपारच्या सुट्टीत फिटरने सायकल स्टँडला लावली, तिन्ही गिअर टाकून चाक फिरवलं आणि सांगितलं की सायकलीला काहीही झालेलं नाही.

वडिलांना दशावताराचा नाद होता, हे सगळ्यांना माहीत होतं. जानेवारी म्हणजे जत्रांचे दिवस. मॅनेजरने हिशेब जुळवला: रात्री जत्रेत नाटक, सकाळी डोळा लागला, खापर सायकलीवर. वडिलांना हजेरीवरून काढून नदीच्या धक्क्यावर टाकलं, खनिज नेणाऱ्या बार्जी मोजायला. महिन्याला चाळीस रुपये कमी. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. सायकल त्या आठवड्यातच मांगरात गेली. त्यानंतर ते चालत जायचे.

धक्का परवडला असता. घरातलं वाईट होतं. आईनेही मॅनेजरचाच हिशेब धरला. सायकल रात्री आमच्या न्हाणीच्या चुलीशेजारी आत ठेवलेली असायची, सकाळी आईसमोर वडील तिच्यावर बसून अंगणातून निघायचे, तेव्हा ती मुकाट चालायची. घरी चालणारी आणि दुपारी चालणारी सायकल मधल्या वाटेवर बिघडते, यावर कोण विश्वास ठेवणार? आमच्या घरात ‘सायकल बिघडली’ याचा अर्थच वेगळा झाला. मी शाळेतून उशिरा आलो की आई विचारायची, “काय, सायकल बिघडली?” माझ्याकडे सायकल नव्हती. दूधवाला उशिरा आला, भाचीच्या लग्नाला भटजी उशिरा आला, सगळ्यांची सायकल बिघडायची. आई हे दुष्टपणाने म्हणत नव्हती, तिला सवय झाली होती. वडील तिथे असले तर उठून बाहेर जायचे. मी हे लहानपणापासून बघितलं आणि मीही ते वाक्य वापरलं. माझ्या मुलीनेही वापरलं.

वडील आता ब्याऐंशीचे होते. रोज सोप्यावर खुर्ची टाकून बसायचे. मी सायकल अंगणात आडवी घातली तेव्हा त्यांनी पेपर थोडा वर धरला, एवढंच.

गंज काढायला मी बिंबलं, ती हिरवी आंबट फळं, वापरली. परसात बिंबलाचं झाड आहे, खाली सडा पडलेला असतो. बिंबल अर्धं कापून लोखंडावर घासायचं, पाच मिनिटं थांबायचं, नारळाच्या काथ्याने पुसायचं. मडगार्डाची आतली बाजू सोडून सगळी सायकल अशी पुसायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. दांडीखाली जुन्या नगरपालिकेचा परवान्याचा बिल्ला निघाला, पोर्तुगीज अक्षरांचा, आकडे झिजलेले. हब साफ केल्यावर त्यावर बारीक ठोकलेले दोन अंक दिसले. डिचोलीच्या सायकलवाल्याने सांगितलं की ते साल आहे. मुक्तीच्या आदल्या वर्षाचं. मागच्या चाकाला स्पोक चाळीस आणि पुढच्या चाकाला बत्तीस, हे मी तीनदा मोजलं, कारण मला वाटलं आठ गळून पडले असतील. सायकलवाला म्हणाला, इंग्रज असंच बनवायचे, वजन मागे असतं ना. मला हे पटलं आणि आवडलंही. इथल्या सगळ्या सायकलींना दोन्हीकडे सारखेच असतील असं धरून मी आयुष्य काढलं होतं.

मागचे सहा स्पोक गेले होते. टायर-ट्यूब मिळून नऊशे साठ रुपये झाले, सगळ्यात मोठा खर्च तोच. सीटचं चामडं शिवून घेतलं, दोनशे. ब्रेक दांड्यांचे होते, त्यांना फक्त रबरं लागली. गिअरची तार मोटरसायकलच्या क्लचच्या तारेतून कापून घेतली. अडलं ते त्या साखळीपाशी. तिची दोन कडी गंजून तुटली होती आणि असली साखळी म्हापसा, डिचोली, पेडणे, कुठेही नव्हती. सायकलवाला म्हणाला, “नवीन हब घाल, नाही तर गिअर विसर.” नवीन हब माझ्या तीन हजारांत बसत नव्हता.

मी ती साखळी रुमालात गुंडाळून सोनाराकडे नेली. म्हातारा सोनार, भिंग डोळ्याला लावून त्याने ती उजेडात धरली.

“ही कोणाच्या गळ्यातली?”

“सायकलीच्या.”

“किती तोळे?” त्याने मान वर न करता विचारलं.

दोन दिवसांनी साखळी मिळाली. तुटलेल्या कड्यांच्या जागी पितळेची दोन कडी, बाकीच्यांच्या मापाची, डाग कुठे दिला ते शोधून सापडत नव्हतं. चाळीस रुपये. मी पावती मागितली तर म्हणाला, “काय लिहू? सायकलीचं मंगळसूत्र?”

शेवटी हब. तो उघडायचं धाडस मी केलं नाही. आत किती चाकं आहेत आणि ती परत कशी बसतील हे मला माहीत नव्हतं. हबला तेल घालायला एक छोटी टोपी असते. त्यातून रॉकेल घालायचं, चाक फिरवायचं आणि काढायचं. असं सहा वेळा केलं. पहिल्या दोन खेपांना जे बाहेर आलं ते रॉकेलसारखं नव्हतंच. पिवळट, चिकट, मेणासारखं. वास खवट. माझ्या खर्चाच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर हे तीन शब्द आहेत: पिवळट, चिकट, खवट. पुढे मी कंसात लिहिलं आहे, ‘मांगरातला वास’. मांगरात खोबरं असतं, तेव्हा खवट वास कशाचा हे मला शोधावंसं वाटलं नाही. उत्तर कागदावर लिहून मी पान उलटलं होतं.

सायकलवाला म्हणाला होता, हबमध्ये कुठलंही पातळ तेल चालतं, दोन कुलेर, म्हणजे दोन चमचे, पुरे. दुकानातली मशीन तेलाची बाटली पंच्याण्णव रुपयांना होती. घरी आईचं खोबरेल होतं, आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं, पाण्यासारखं पातळ. आमच्याकडे बिजागरीला, कुलपाला, आडाच्या रहाटाला तेच जातं. मी मोजून दोन कुलेर घातलं आणि खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या शून्याचा मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं.

एकूण खर्च दोन हजार एकशे चाळीस.

पहिल्या दिवशी मी सायकल घेऊन अंगणातून निघालो तेव्हा वडिलांनी पेपर खाली ठेवला.

“खंय चललंस?”

“कामाक, बाबा.”

“सकाळचोच रोज?”

“होय. आठाक पोचाक होया.”

त्यांनी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बघ तर,” म्हणाले.

नोव्हेंबरची अखेर होती. सायकल उत्तम चालली. मयेची चढण पूर्वी मी स्कूटरवर कधी मोजली नव्हती. आता पहिला गिअर टाकून, बसल्या जागेवरून न उठता, सहा मिनिटांत चढायचो. गिअर बदलताना हबमधून टिक-टिक असा आवाज येई, घड्याळासारखा. मी नार्वे ते डिचोली चौतीस मिनिटांचा हिशेब बसवला. पावाच्या टोपल्या घेऊन जाणारा पोदेर रोज मला मयेला भेटायचा, त्याची सायकल बिनगिअरची; चढणीला तो उतरून चालायचा आणि मी त्याला मागे टाकायचो. डिसेंबर असाच गेला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे फार नाही, पण नदीकडून आणि तळ्यावरून वारा येतो, आणि सकाळी तोंडातून वाफ निघते. त्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. तळं संपून चढण लागते तिथे रस्त्याखाली एक मोरी आहे. मोरीपाशी मी पाय दाबला आणि पाय तसाच खाली गेला. पायडल फिरलं, चेन फिरली, चाक मात्र आपल्या गतीने हळूहळू थांबलं. चेन उतरली नव्हती. साखळी जागेवर होती, सोनाराची कडी शाबूत होती. मी तिन्ही गिअर टाकून बघितले. पायडल हवेत फिरवल्यासारखं. घड्याळात सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

पोदेर मागून आला. “काय, मॅनेजर, उतरलास?” तो मला मॅनेजर म्हणायचा, का ते मी कधी विचारलं नाही. सायकल हातात धरून आम्ही दोघं चढण चढलो. वर आल्यावर तो बसून गेला. मी चालत राहिलो.

कारखान्यात पोचायला साडेआठ झाले. ऊन चांगलं वर आलं होतं. मुकादमाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी म्हणालो, “सायकल बिघडली.”

ते वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच ते खोटं वाटलं. मुकादमाला ते साधं वाक्य होतं, त्याने मान हलवली.  दुपारी डबा खायच्या आधी मी सायकल स्टँडला लावून पायडल दाबलं. चाक लगेच फिरलं. टिक-टिक आवाज आला. तिन्ही गिअर ठीक होते.

 मला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. वडील ज्या शब्दांत सांगत ते सगळं तसंच झालं होतं, अगदी जागेसकट. पण का झालं ते कळल्याशिवाय घरी सांगून काही उपयोग नव्हता. ‘आता मुलाचीही सायकल बिघडली’ एवढंच झालं असतं.

पुढचे काही दिवस मी घरून अर्धा तास आधी निघालो आणि वहीत लिहीत गेलो. दुसऱ्या दिवशी बंद पडली, मोरीच्या थोडी अलीकडे. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, थंडी नव्हती. बंद पडली नाही. चौथ्या दिवशी पडली. परत येताना संध्याकाळी कधीच नाही. घरून निघताना कधीच नाही. मी चेन सैल आहे का बघितलं, तार ढिली केली, घट्ट केली. सायकलवाल्याला नेऊन दाखवली, दुपारीच अर्थात, तो म्हणाला, “काही नाही. तू पायडल नीट मारत नसशील.” मला तो मॅनेजर आणि फिटर एकाच माणसात बसल्यासारखा वाटला.

पाचव्या दिवशी सकाळी मी आंघोळीला निघालो. आई केस विंचरायला बसली होती. तिने मला हाक मारली आणि तेलाची बाटली पुढे केली. “तेल थिजलाहा रे. जाताजाता चुलीकडे ठेव.”

बाटलीतलं खोबरेल पांढरं झालं होतं, मेणबत्तीसारखं. मी बाटली हातात घेऊन उभाच राहिलो.

थंडीत खोबरेल थिजतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून दर थंडीत ती बाटली चुलीकडे नेऊन ठेवायचं काम माझंच होतं. पण ते डोक्याचं तेल. हबमध्ये गेल्यावरही ते खोबरेलच राहतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“ठेव ना, बघतंस काय?” आई म्हणाली.

त्या दिवशी मी एका छोट्या बाटलीत खोबरेल घेतलं, चुलीवर पातळ करून, आणि सायकलीच्या दांडीला बांधलं. अंगणात ते पाण्यासारखं होतं. तळ्याच्या सुरुवातीला गढूळ झालं. मोरीपाशी काठाने पांढरं धरलं होतं, आणि सुमारे शंभर पावलांवर माझा पाय फुकट खाली गेला. सायकल रात्रभर न्हाणीच्या चुलीशेजारी असायची, म्हणून घरून निघताना ती बरी. तळ्यावरच्या वाऱ्यात लोखंड गार होतं, तेल आत घट्ट होतं आणि हबमधले छोटे खटके त्यात चिकटून बसतात. बाहेर येऊन चाकाला पकडतच नाहीत. दुपारच्या उन्हात तेल सुटतं, खटके सुटतात. फिटरने दुपारी बघितलं, त्याला काय दिसणार? वडिलांनी आणि फिटरने दोघांनीही डोळ्यांनी जे बघितलं तेच सांगितलं होतं. फक्त वेळ वेगळी.

एकच प्रश्न उरला होता. त्या संध्याकाळी मी सोप्यावर वडिलांच्या शेजारी बसलो.

“बाबा, त्या वर्षी हबात तेल कसला घातलात?”

त्यांनी ‘कुठल्या वर्षी’ असं विचारलं नाही. “आदी म्हापशाचा मशीनचा तेल होता, सायकलीवांगडा मिळालला. ता त्या वर्षा संपला. मगे घरचा घातलंय.”

“खोबऱ्याचा?”

“मगे खंयचा? दुसरा खंयसून हाडू?”

आतून आईचा आवाज आला. “त्या वर्षी? त्या थंडीत माझी तेलाची भरलली बाटली अर्धी झालली. मी शेजारणीवांगडा भांडलंय.”

“शेजारणीवांगडा?” वडील म्हणाले.

“मगे? तुमी सांगलात काय, सायकलीक घातलंय म्हणान?”

“तू विचारलंस काय?”

 मी माझी वही आणि छोटी बाटली पुढे ठेवून सगळं सांगितलं. आईने बाटली हातात घेऊन हलवली, परत ठेवली.  मग वडिलांनी विचारलं, “तेल काढलंस?”

“नाय. उद्यां काढतंय.”

“काढू नको. आज तिका भायर ठेव.”

सायकल मी अंगणात तुळशीकडे लावली. सकाळी सहाला आई-वडील दोघंही बाहेर आले, आईने डोक्यावरून शाल घेतलेली. वडिलांनी खाली वाकून हाताने पायडल दाबलं. चेन फिरली. चाक जागचं हललं नाही. त्यांनी परत दाबलं, मग लिव्हर हलवून दुसऱ्या गिअरला, मग तिसऱ्या. मी त्यांना बसायला स्टूल आणलं तर त्यांनी ते पायाने बाजूला सारलं.

“तू दाब,” ते आईला म्हणाले.

आईने शालीतून हात काढून पायडल दाबलं. काही झालं नाही. तिने आणखी एकदा दाबलं, जरा जोरात, शिवणाचं मशीन अडल्यावर दाबते तसं. मग ती आत गेली. थोड्या वेळाने चहा आला, आणि रोज साखर विचारून घालणाऱ्या तिने वडिलांच्या कपात न विचारता दोन कुलेर साखर घातली होती. डॉक्टरने एकच सांगितली आहे.

मला वाटलं इथे संपलं. पण वडिलांनी संध्याकाळी मला बोलावलं. खाणीवरचा तो फिटर अजून होता, आमच्याच गावात, देवळापलीकडच्या वाड्यावर. वडील आणि तो एकमेकांना रस्त्यात भेटले तर बोलायचे, पण चाळीस वर्षांत एकमेकांच्या घरी गेले नव्हते.

“तेका सांग, आयतवारी सकाळी सहाक ये. दुपारी नको.”

रविवारपर्यंत तीन दिवस होते. ते तीन दिवस मी हबमधलं तेल बदललं नाही आणि मयेची चढण पोदेराबरोबर चालत चढलो. पोदेर म्हणाला, “मॅनेजर, विकून टाक ती.”

रविवारी सहाला वडील धुतलेला शर्ट घालून अंगणात बसले होते. सायकल रात्रीपासून बाहेर होती. सात वाजले. आठ वाजले. ऊन तुळशीवर आलं, मग सायकलीच्या सीटवर, मग मागच्या चाकावर. मी सायकल उचलून सावलीत नेऊ का म्हणून विचारलं. वडील म्हणाले, “नको. रवांदी.”

फिटर साडेदहाला काठी टेकत आला. मफलर अजून गळ्यात होता. त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली, पेन्शन घेऊन तीस वर्षं झालेला माणूस ज्या सवयीने मारील तशी, खाली बसला आणि हाताने पायडल दाबलं. चाक सुंदर फिरलं. टिक-टिक.

“चलता मा रे,” तो म्हणाला. “माका तेवाय अशीच दिसलली.”

मी बोलायला तोंड उघडलं. वडिलांनी हात वर केला. ते खुर्चीतून फक्त एवढंच म्हणाले, “तेल खोबऱ्याचा.”

फिटर थांबला. त्याने हबवरची तेलाची टोपी नखाने उघडली, करंगळी आत घालून बाहेर काढली आणि नाकापाशी नेली.  मग वर न बघता म्हणाला, “सकाळी थिजता.”

“होय.”

“वास माका तेवाय इल्लो. झाकणी उघडून बघल्लंय मी.”

“मगे?”

“माका वाटला, तुझ्या केसांचो.”

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मग आईचं हसू. वडिलांचे केस तरुणपणी तेल लावून मागे वळवलेले असत, एक फोटो आहे. ते हसले नाहीत. त्यांनी सोप्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“तुका सहाक सांगलेला.”

“थंडी होती रे. गुडघे उठणत नाय.”

“साडेचार तास लेट,” वडील म्हणाले. ज्या आवाजात ते हजेरी घेत असतील असं मला वाटलं, त्या आवाजात. मग दाराकडे वळून, “चाय हाड गो तेका. लेट आसा, पण हाड.”

फिटर दुपारी जेवूनच गेला. मॅनेजर केव्हाच वारला होता, हे त्यांनी दोघांनी एकदा मोजून घेतलं, कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात. जाताना फिटर मला म्हणाला, हब रॉकेलने सात वेळा धू, सहा नको.

मी सात वेळा धुतला. मशीन तेलाची बाटली आणली, पंच्याण्णव रुपये. खर्चाच्या रकान्यातलं ते शून्य मी खोडलं नाही. त्याच्या शेजारी नवीन आकडा लिहिला. एकूण दोन हजार दोनशे पस्तीस. तीन हजारांतले सातशे पासष्ट उरले.

फेब्रुवारीत एकदा कारखान्यात माल मोजायला उशीर झाला आणि मी घरी दीड तास उशिरा पोचलो. वडील सोप्यावर होते. आई दारात आली. “काय रे, साय–” एवढं म्हणून ती थांबली. तिने वडिलांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते आणि उठले नव्हते.

“न्हाणीत पाणी गरम आसा,” ती म्हणाली.